सूप बदललं की जीभ?

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे बारीकताई म्हणायचे आणि नवीन आलेला माणूस त्यात हमखास फसायचा. "बारीकताईंना विचारा," असं कुणी सांगितलं की तो खोलीभर एखादी किडकिडीत बाई शोधत फिरायचा. आणि ही अंगाने चांगली भरलेली, खुर्ची पुरती व्यापून बसलेली बाई त्याच्या समोरच असायची. बारीक होती ती तिची नजर. यंत्रावरून उतरलेल्या मोज्यांचा ढीग टेबलावर यायचा. त्यातला एक उचलायचा, लाकडी पायावर चढवायचा, मग दुसरा. लांबी, टाच, वरचं इलॅस्टिक, रंग. जमलं तर जोडी, नाही तर बाजूच्या टोपलीत. बावीस वर्षं हेच काम. काळ्या रंगात निदान सात काळे असतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि बाकीच्यांना ते सातही एकच दिसायचे, म्हणून तर तिला तिथे बसवलं होतं.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची धाकटी नणंद, दोघीच. नणंदेने लग्न केलं नव्हतं. ती एका वाचनालयात होती, पुस्तकं द्यायची-घ्यायची. दोघींचं कसं जमतं, याची आजूबाजूच्यांना फार उत्सुकता. पण त्यांची भांडणं व्हायची ती फक्त पंख्यावरून, एकीला जोरात हवा आणि दुसरीला बंद. बाकी स्वभाव मात्र दोन टोकांचे. बारीकताईला भाजीत चिमूटभर मीठ जास्त झालेलं दाराबाहेरून कळायचं. नणंद मात्र पुस्तक वाचत वाचत समोर येईल ते संपवायची आणि ताट रिकामं झाल्यावर विचारायची, "आज काय होतं गं वहिनी?"

कारखान्याची आणि वाचनालयाची सुट्टी एकाच दिवशी, बुधवारी. त्या दिवशी दुपारचं जेवण बाहेर, हा नियम. बाहेर म्हणजे दोन चौक सोडून असलेलं आठ टेबलांचं छोटं हॉटेल. टेबलांवर चौकड्यांचं मेणकापड, भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ, गल्ल्यावर मालकीणबाई आणि आतल्या अर्ध्या खिडकीतून दिसणारा तिचा नवरा, म्हणजेच आचारी. दोघी खिडकीजवळचं टेबल धरायच्या. आधी मसूर सूप आणि भाजलेला पाव, हे ठरलेलं. मग फळ्यावरचा एखादा न खाल्लेला पदार्थ. बारीकताई तो तुकड्या-तुकड्याने खायची, मध्येच डोळे मिटायची, पुटपुटायची, "कांदा आधी भाजलाय... आणि दही नंतर." आणि शनिवारी संध्याकाळी तोच पदार्थ घरी करून पाहायची. नाही तर नणंदेने वाचनालयातल्या मासिकांतून उतरवून आणलेली एखादी कृती. सगळंच जमायचं असं नाही. एकदा भोपळ्याचा केक डब्याला असा काही चिकटला की तीन दिवस दोघी डब्यातूनच चमच्याने खरवडून खात होत्या. पण तो खाताना त्या इतक्या हसल्या होत्या की बारीकताईने तो पुढच्या महिन्यात मुद्दाम पुन्हा केला. तेव्हा तो डब्यातून अलगद सुटून आला आणि दोघींचा विरसच झाला.

तर अशा एका बुधवारी सूप आलं, बारीकताईने पहिला चमचा घेतला आणि ती थांबली.

"काय झालं?" नणंदेने विचारलं.

"हे ते नाही."

"मसूर सूपच आहे की."

"मसूर सूप आहे गं. पण ते नाही."

नणंदेने स्वतःच्या वाटीतलं दोन-तीन चमचे खाल्लं, तिच्या वाटीतलंही एक चमचा चाखलं आणि खांदे उडवले. "मला तर तेच लागतंय."

शेजारच्या टेबलावर टपालवाला बसला होता, रोजचं गिऱ्हाईक. त्याला विचारलं. तो म्हणाला, "अहो, दहा वर्षं खातोय. रतीभर फरक नाही." आणि त्याने पावाने वाटी पुसून दाखवली.

बारीकताई चक्रावली. लसणाचा जो गोडसर, खमंग वास तिच्या ओळखीचा होता, त्याच्या जागी काहीतरी करपट होतं. आणि जिऱ्याचा तर पत्ताच नव्हता. रंग मात्र तोच, दाटपणा तोच, मीठ तेच. दोन मोजे असे असते तर तिने ते क्षणात टोपलीत टाकले असते. पण इथे दुसरा मोजा होता कुठे? तो फक्त तिच्या डोक्यात.

पुढच्या बुधवारीही तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी लसूण कच्चट. आणि सगळं हॉटेल आपलं मजेत खातंय.

"वहिनी, राग मानू नकोस," नणंद म्हणाली, "पण तुझ्या दातांचं तर नाही ना?"

बारीकताईने दोनच महिन्यांपूर्वी वरच्या बाजूला तीन नकली दात बसवून घेतले होते, टाळूला चिकटणाऱ्या प्लेटसकट. त्याचा चवीशी संबंध असू शकेल, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला आणि म्हणाल्या, "फरक पडू शकतो. नाहीही पडू शकत. कुणाकुणाला पडतो." बारीकताई बाहेर आली ती होती त्याहून जास्त गोंधळून.

त्या शनिवारी नवीन पदार्थ झाला नाही, परीक्षा झाली. बारीकताई डोळ्यांवर पंचा बांधून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि नणंद एकेक चमचा तोंडात द्यायला लागली.

"मीठ."

"बरोबर."

"साखर. लिंबू. ही मिरी."

"बरोबर, बरोबर, बरोबर."

"दालचिनी."

"चूक! जायफळ होतं."

बारीकताईने पंचा ओढून काढला. चमचा हुंगला, बाटली हुंगली. "अगं, दालचिनीच आहे ही!"

"पण बाटलीवर जायफळ लिहिलंय."

"ती चिठ्ठी जुनी आहे."

"मग मला कसं कळणार?"

आता जीभ पास की नापास, हेच ठरेना. प्लेट काढून पुन्हा परीक्षा झाली. उत्तरं सगळी तीच आली, फक्त बोबडी आली, आणि नणंदेला हसू आवरेना. बारीकताईलाही हसू आलं, पण झोपताना तिचं डोकं भणभणत होतं. आयुष्यभर आपण ज्या एका गोष्टीच्या भरवशावर भाकरी मिळवली, ती म्हणजे हे आणि हे सारखं की वेगळं, एवढं सांगणं. तेच जर आता जमेनासं झालं असेल तर? दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने एकेक जोडी दोनदा तपासली. ढीग संपेना. देखरेखीवरच्या साहेबांनी येऊन विचारलं, "बरं नाही का ताई?"

शेवटी तिने ठरवलं की दुसरा मोजा आपणच विणायचा. म्हणजे, आठवतंय तसं ते जुनं सूप घरी करायचं. मसूर किती शिजवायची, कांदा किती, हे तिला एवढ्या वर्षांच्या चवीवरून ठाऊक होतं. अडलं ते लसणावर. पहिल्यांदा उतरवायला उशीर झाला, दुसऱ्यांदा घाई. तिसऱ्यांदा जिरं जास्त पडलं. चौथ्यांदा मात्र लसणाचा वास अचानक फिरला, तिखट होता तो गोड झाला, तिने त्याच क्षणी कढई उतरवली. पहिला चमचा तोंडात गेला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हेच ते!

नणंदेने खाल्लं. "अगदी तिथल्यासारखं झालंय."

"तिथल्यासारखं म्हणजे आधीच्यासारखं की आत्ताच्यासारखं?"

नणंदेने विचार केला. तिने खरोखर प्रामाणिकपणे विचार केला, हे तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं. "दोन्हीसारखं," ती म्हणाली.

बुधवारी बारीकताई ते सूप डब्यात भरून हॉटेलात घेऊन गेली. रस्त्यात तिचे पाय दोनदा मागे फिरले. दुसऱ्याच्या हॉटेलात घरचा डबा न्यायचा आणि वर म्हणायचं की असं करा, हे तिला स्वतःलाच शोभेसं वाटेना. मालकीणबाईंनी डबा पाहिला आणि भुवया वर गेल्या.

"आमचं आवडेनासं झालं का ताई?"

"तसं नाही हो. दादांना एक चमचा चाखायला द्यायचंय. चुकलं तर माझंच चुकत असेल."

आचारी हात पुसत बाहेर आला. लांब मिशा, गळ्यात पंचा, बोलायला कमी. त्याने चमचाभर सूप तोंडात घेतलं, बराच वेळ घोळवलं आणि म्हणाला, "छान आहे. मीठ बरोबर आहे. दाटपणाही बरोबर."

बारीकताई वाट पाहत राहिली. लसणाबद्दल एक शब्द नाही, जिऱ्याबद्दल नाही. एवढ्यात आतून करपल्याचा भपका आला. दूध उतू जाऊन शेगडीवर जळत होतं. टपालवाल्याने नाकावर रुमाल धरला. मालकीणबाई उठून आत धावल्या. आचारी मात्र तिथेच उभा होता, हातात चमचा, चेहरा स्वस्थ. बायको धावली तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं.

बारीकताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो मान खाली घालून आत गेला.

ती घरी आली ती कोड्यात पडूनच. दोन दिवसांनी, कारखाना सुटल्यावर ती मुद्दाम हॉटेलावरून गेली. दुपार आणि रात्र यांच्या मधली निवांत वेळ होती, मालकीणबाई बाजारात गेलेल्या. आचारी पायरीवर कांदे सोलत बसला होता.

"बसा ताई," तो म्हणाला. जणू तिचीच वाट पाहत होता. "आठ महिने झाले. मोठी सर्दी झाली होती, ताप होता. सगळं बरं झालं, वास तेवढा परत आला नाही. काहीच येत नाही. हे कांदे आहेत, हे फक्त डोळ्यांना कळतं."

"मग स्वयंपाक?"

"हाताला पाठ आहे. मीठ, आंबट, तिखट कळतं. बाकी रंग बघून आणि घड्याळ बघून करतो. इतके महिने अंदाज बसला, हल्लीच घसरायला लागला असेल. सगळे म्हणतात, तेच आहे, तेच आहे. मला वाटलं, निभावलं." त्याने एक कांदा टोपलीत टाकला. "तुम्ही पहिल्याच."

"मालकीणबाईंना सांगितलं?"

"छे! तिला कळलं तर ती मला शेगडीपासून उठवेल. मग मी करू काय?"

बारीकताईला एकदम हलकं वाटलं. जीभ शाबूत होती! आणि त्याच वेळी समोर बसलेल्या माणसाकडे बघून तिला आपल्या त्या हलकं वाटण्याची लाजही वाटली. आनंद करावा की दुःख, हे न कळून ती म्हणाली, "सुरी आहे का आणखी एक?" आणि कांदे सोलायला बसली.

असं ते सुरू झालं. बुधवारी सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायची. आचारी लसूण टाकायचा आणि ती कढईपाशी नाक धरून उभी राहायची. म्हणजे नाक पुढे करून.

"थांबा... थांबा... आता!"

तो झटकन कढई उतरवायचा. तिने जिऱ्याची बरणी उघडून पाहिली तर जिरं जुनं, भुशासारखं, नुसती धूळ. ते फेकून नवीन आणवलं. ती मसाल्याच्या बाटल्या हुंगून ताज्या डावीकडे, शिळ्या उजवीकडे लावून द्यायची. उरलेल्या दिवसांसाठी आचाऱ्याने तिच्या 'आता'चे सेकंद मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवले. मालकीणबाईंना सांगितलं होतं की ताईंना स्वयंपाक शिकायची हौस आहे. त्या म्हणाल्या, "शिकू दे की."

दोन महिन्यांत सूप सुधारलं. बारीकताईला वाटलं, आता तरी लोक म्हणतील, वा, काय फरक पडला! कुणी काही म्हणेना. टपालवाल्याला तिने मुद्दाम विचारलं. "रतीभर फरक नाही," तो म्हणाला आणि वाटी पुसली.

आणि मग एका बुधवारी नणंद पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "वहिनी, एक गंमत सांगू? इथलं सूप हल्ली तुझ्या हातचं लागतं. मग आपण इथे येतो कशाला?"

बारीकताईचा चमचा हवेतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा नणंदेला चवीतलं काहीतरी कळलं होतं, आणि तेही हे! तिने पुन्हा चाखलं. जुनं सूप आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते घरचं. तिने चार वेळा करून जे पक्कं केलं होतं, ते आधीच्या आठवणीवर असं बसलं होतं की खालचं काही दिसतच नव्हतं. मग आपण दादांचं सूप परत आणलं की त्यांच्या कढईत आपलंच ओतलं?

ती तशीच उठून आत गेली. "दादा, खरं सांगा. पूर्वी असंच होतं?"

आचारी हसला. तिने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "मला विचारता? अहो ताई, मला तर मिठाचं गरम पाणीच लागतं ते. तुम्ही सांगाल ते खरं."

बाहेर आली तर गल्ल्यापाशी मालकीणबाईंनी तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "ताई, तुमचे उपकार आहेत. त्यांना मात्र कळू देऊ नका हं, की मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नाकाचं. पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे मला. नासलेली फुलकोबी चिरत बसले होते, शिट्टी वाजवत. तेव्हापासून रोज पहाटे उठून मी भाजी निवडून ठेवते, दूध बघून ठेवते. त्यांना वाटतं, मला काही कळत नाही. त्यांचा धीर खचू नये म्हणून गप्प आहे."

बारीकताई टेबलापाशी येऊन बसली. एक सांगतो, तिला कळू देऊ नका. दुसरी सांगते, त्यांना कळू देऊ नका. आणि मधल्या मधे हिच्या तोंडाला दोन कुलपं. त्या आठवड्यात तिला झोप लागेना. दादांना सांगावं तर मालकीणबाईंचा विश्वासघात, मालकीणबाईंशी बोलावं तर दादांचा. आणि गप्प बसावं तर आपण दोघांशीही खोटं वागतोय. कारखान्यात तिच्या हातून एक करडा मोजा निळ्याच्या जोडीला गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या टेबलावरून तो परत आला तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली.

बुधवारी ती स्वयंपाकघरात गेली, पण कढईपाशी उभी राहिली नाही. दारात उभी राहून तिने हाक मारली, "मालकीणबाई, जरा आत या हो." त्या आल्या. आचाऱ्याच्या हातात लसणाची वाटी होती. बारीकताईने काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं, आणि ऐन वेळी त्यातलं काहीच आठवेना.

"मला हे झेपत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ते यांना माहीत आहे... म्हणजे यांना नाही माहीत की तुम्हाला... अहो, तुम्ही दोघं बोला ना एकमेकांशी! मी बाहेर बसते. मला भूक लागली आहे."

आणि ती खरंच बाहेर येऊन बसली. नणंद यायची होती. आतून आधी वाटी ठेवल्याचा आवाज आला. मग मालकीणबाईंचा आवाज चढला, "आठ महिने? अहो, दहा झाले!" मग आचाऱ्याचं खालच्या आवाजातलं काहीतरी. मग एक भांडं पडल्याचा आवाज. आणि शेवटी दोघांच्या हसण्याचा की रडण्याचा आवाज. कोणता ते बारीकताईला काही केल्या ओळखता येईना.

त्या दिवशी हॉटेल पाऊण तास उशिरा उघडलं. टपालवाला बाहेर घड्याळ बघत उभा होता. त्यानंतर कढईपाशी मालकीणबाई उभ्या राहायला लागल्या आणि आचारी गल्ल्यावरून अधूनमधून ओरडायचा, "उतरव, उतरव!" आणि त्या आतून, "तुम्हाला काय कळतंय तिथून!" सुपाची चव पुन्हा बदलली. ना जुनं, ना बारीकताईचं. जिरं कमी, कसला तरी पाला जास्त. चांगलं होतं की नाही, हे बारीकताईला तीन बुधवार खाऊनही ठरवता आलं नाही. पण वाटी मात्र ती रिकामी करायची. बुधवारी सकाळी आता काम नव्हतं, तर तिला उगीच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. आणि सुटल्यासारखंही.

चौथ्या बुधवारी फळ्यावर शेवटच्या ओळीत खडूने नुसतंच 'नवीन' असं लिहिलेलं होतं.

"काय आहे हे?" बारीकताईने विचारलं.

आचारी स्वतःच ताटली घेऊन आला. वर कुरकुरीत, सोनेरी, आत काहीतरी मऊ आणि केशरी. "माहीत नाही," तो म्हणाला. "मी हाताला कसं लागतं, दाताखाली कसं वाजतं, त्यावर केलंय. ही म्हणते, वास बरा आहे. चव कशी आहे ते आम्हाला दोघांनाही सांगता येईना."

दोघींनी एकेक घास घेतला. कुरकुर आवाज झाला. बारीकताईने सवयीने डोळे मिटले.

"गाजर," ती म्हणाली.

"भोपळा आहे," नणंद म्हणाली.

"तुला काय कळतंय? गाजर आहे. आणि काहीतरी आंबट... नाही, आंबट नाही. थांब."

"भोपळाच आहे, वहिनी. पैज लाव."

बारीकताईने दुसरा घास घेतला, मग तिसरा. आता तिला रताळ्याचाही संशय यायला लागला होता. आचारी ताटलीकडे बघत उभा होता. तिने त्याला विचारलं नाही. नणंदेच्या बाजूचा तुकडा आपल्याकडे ओढत ती म्हणाली, "अर्धी ताटली राहिली आहे अजून. घाई काय आहे?"